नात्सूचं मी वाचायचे, शिओचं सुधन्वा

चेन्नईत दोन मराठी माणसं भेटली की पहिली पाच मिनिटं थालीपिठाची भाजणी कुठे मिळते यात जातात, आणि मग बोलायला काही उरत नाही. आमच्या मैलापूरच्या रविवारच्या बैठकीचं तसं नाही. आमच्याकडे किस्से इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा कोपर मारून पुढे येतो. दोष सगळा त्या जपानी कॉमिकचा.

मराठी वाचनाच्या बैठकीत जपानी कॉमिक कुठून आलं, ते आधी सांगते. बैठक भरते कमलाक्कांच्या घरी. अक्का वीणा शिकवतात. त्यांचं घराणं तंजावूरकडचं मराठी, पिढ्यान् पिढ्या इकडेच. त्यांचं बोलणं जुन्या कागदपत्रांतलं वाटतं, सूर मात्र अस्सल तमिळ. त्यांची नात वैष्णवी नोकरी करते, तमिळ आणि इंग्लिश फाडफाड, मराठी फक्त पाहुणे आले की. नातीनं मराठी बोलावं म्हणून अक्कांनी तिला बैठकीत बसायला लावलं. ती म्हणाली, "बसते, पण पुस्तक माझं."

तिचं पुस्तक म्हणजे इंग्लिशमधली जपानी कॉमिक मालिका, भागामागून भाग. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि समोरचं इंग्लिश जागच्या जागी मराठीत बोलायचं, असं ठरलं.

गोष्ट अशी. शेजारी शेजारी दोन शाळा, एक मुलांची, एक मुलींची. दोन्ही शाळांचे बँड. मुलांच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा नात्सू ही खरं तर मुलगी. मुलींच्या बँडमध्ये गाणारी शिओ हा खरं तर मुलगा. एकाला दुसऱ्याचं सोंग माहीत नाही, आणि दोघं एकमेकांसाठी झुरताहेत. वैष्णवीनं नियम काढला, "पँटवाल्यांचं बायका वाचणार, स्कर्टवाल्यांचं पुरुष." नात्सू माझ्या वाट्याला आला. शिओ सुधन्वाच्या.

सुधन्वा सांगलीचा, बँकेत अधिकारी, तिरुवल्लिकेणीत एकटा राहायचा. मी मंजिरी, अड्यारच्या एका शाळेत गणित शिकवते. मला तो आवडायचा. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल.

* * *

पहिल्या रविवारी वैष्णवीला यायला उशीर झाला. दामलेकाकांना धीर कुठला? काका रेल्वेतून निवृत्त झालेत, वेळ म्हणजे वेळ. त्यांनी पुस्तक उघडून वाचन सुरू केलं. जपानी पुस्तक आपल्या उलट बाजूनं सुरू होतं, हे आम्हाला कोण सांगणार? पहिल्याच पानावर शिओ गच्चीवर रडत होती. मग कडाक्याचं भांडण. मग गोडी. आणि अगदी शेवटी दोघांची ओळख झाली, नावं वगैरे विचारून.

काका खूश. म्हणाले, "काय मॉडर्न लिहिलंय. आधी रडून घ्यायचं, ओळख नंतर."

वैष्णवी आली आणि तिनं कपाळाला हात लावला. सगळं पुन्हा सरळ वाचायचं ठरलं. काका मात्र ऐकेनात. "चूक काय त्यात? आमच्या लग्नात असंच झालं." काकू तेव्हा पुण्याला गेल्या होत्या, म्हणून बोलले.

* * *

काकांकडे मुलींच्या बँडची लीडर होती. आवाज प्लॅटफॉर्मवर घोषणा करणाऱ्याचा. एकदा त्यांना इतका रंग चढला की खुर्चीवरून उठून त्यांनी टाहो फोडला, "जाऊ नकोस गं, तुझ्यासाठी मी गिटार शिकले!"

खालच्या मजल्यावरच्या मामी ताकाचा पेला घेऊन धावत वर आल्या. "एन्न आच्चु, एन्न आच्चु?" काय झालं, काय झालं, असं विचारत थेट काकांपाशी. त्यांना वाटलं, या माणसाची बायको गेली. अक्कांनी तमिळमध्ये समजावलं, ताक काकांनी पिऊन टाकलं, आणि मामी ज्या बसल्या त्या दर रविवारी यायला लागल्या. मराठीचा एक शब्द त्यांना कळत नाही.

मी अक्कांना म्हटलं, "विचारा तरी, यांना यातलं काय समजतं?"

मामींनी लांबलचक उत्तर दिलं. अक्कांनी ते मराठीत सांगितलं, "ती म्हणते, समजायचं काय आहे? ही बघते तेव्हा तो पुस्तकात बघतो. तो बघतो तेव्हा ही पुस्तकात बघते."

मी लगेच पुस्तकात बघितलं.

* * *

कॉमिकमध्ये आवाजही लिहिलेले असतात. ड्रमचा धडामधूम, झांजेचा खणखणाट. ते वाचायचं काम अक्कांचं. पहिलाच धडामधूम बघून त्यांनी नाक मुरडलं, "मज नको असला गोंगाट." आणि नात्सूचा सोलो त्यांनी मृदंगाच्या बोलांत म्हटला, तक धिमि तक झणु करत, मांडीवर ताल धरून. जपानी शाळेच्या गॅदरिंगमध्ये मार्गळी महिन्यातली कचेरी, म्हणजे इकडची गाण्याची मैफल, सुरू झाली. वैष्णवी हसून हसून जमिनीवर आडवी.

नुसत्या टिंबांचे फुगे आले, म्हणजे पात्र गप्प आहे, तरी अक्का ताल सोडायच्या नाहीत. आवर्तन पुरं होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. सुधन्वा समोर बसलेला, त्याचं कोपर चटईवर, चष्मा नाकावर घसरलेला. मला ती गप्प पानं फार आवडायची. पुढच्या भागात टिंबं किती आहेत, ते मी वैष्णवीला हळूच विचारून ठेवायचे.

* * *

आठवडाभर शिओच्या वाक्यांची तयारी करून सुधन्वाच्या जिभेला वळणच पडलं. एकदा आईला फोनवर म्हणाला, "आई, मी जेवले. आता जरा पडते."

मग आई म्हणाली, "सुधन्वा, फोन कुणी घेतलाय तुझा?"

त्यानं पुष्कळ समजावलं, जपान सांगितलं, बँड सांगितला, स्कर्ट सांगितला. स्कर्ट सांगायला नको होता. पुढच्याच आठवड्यात सांगलीहून मुलींचे फोटो यायला लागले. त्यानं हे बैठकीत इतकं रंगवून सांगितलं की मी सगळ्यांत जास्त हसले. घरी येऊन मात्र स्वयंपाक करावासा वाटेना. दूध पिऊन झोपले.

* * *

बैठक संपली की मी आणि सुधन्वा स्टेशनपर्यंत बरोबर चालत जायचो. त्याची गाडी एकीकडे, माझी दुसरीकडे. वर घरात मला बघून, "तुझा ड्रम ऐकू आला नाही तर माझा सूरच लागत नाही," असं म्हणणारा हा माणूस. जिना उतरला की आम्ही दोघं अहो-जाहोवर.

"तुमच्याकडे भाजीबरोबर कढीपत्ता फुकट देतात का हो?"

"देतात."

"आमच्याकडेही देतात."

मग गाडी यायची. आता तुम्ही म्हणाल, बोलायचं ना मग. अहो, रोज वर्गात बडबडणारी बाई मी, पण नात्सूच्या नावावर जे खुशाल बोलत होते, ते मंजिरीच्या नावावर बोलायला गेले की गाडी कढीपत्त्यावर यायची. आणि तो नाही म्हणाला असता तर रविवारही गेला असता. मला रविवार हवा होता.

* * *

मग त्याची बदली झाली. गुवाहाटी. बुधवारचं तिकीट. त्याआधी एकच रविवार, आणि मालिकेचे कितीतरी भाग बाकी. दामलेकाका म्हणाले, "मधली स्टेशनं गाळा. थेट टर्मिनस." वैष्णवी कुरकुरली, पण तिनं शेवटचा भाग आणला.

शेवटच्या भागात सोंगं उतरलेली आहेत. नात्सू नुसती मुलगी, शिओ नुसता मुलगा. शिओच्या वडिलांनी गाव बदललंय. गाण्याच्या रिकाम्या खोलीत तो तिचा निरोप घ्यायला आलाय.

सुधन्वानं वाचलं, "मी जाऊ?"

पुढचं वाक्य नात्सूचं. जा, माझी काळजी करू नकोस. माझ्या सहावीतल्या पोरांनीही भाषांतर केलं असतं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

वैष्णवीला वाटलं माझी ओळ हरवली. तिनं ओळीवर बोट ठेवलं. काका म्हणाले, "मंजिरी, तुझं आहे."

"माहितीये," मी म्हटलं. "मी नाही वाचणार हे."

सुधन्वा माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं वैष्णवीच्या बोटाखालून पुस्तक अलगद ओढून घेतलं आणि मिटलं.

"राहू दे," तो म्हणाला. "हे पान पुढच्या रविवारी वाचू."

बुधवारचं तिकीट हा विसरला की काय, अशा नजरेनं काकांनी माझ्याकडे बघितलं, मी वैष्णवीकडे. अक्का कॉफीचे पेले गोळा करत उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"रविवारी इडल्या किती जणांच्या लावू?"

"नेहमीइतक्याच," सुधन्वा म्हणाला.