आप्पांच्या खोलीची भिंत

आप्पा घरात चालायचे ते उजव्या हाताची पालथी बोटं भिंतीला टेकवून. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, पण शिरूरच्या आमच्या घरात कुणी हात धरून नेलेलं त्यांना चालायचं नाही. "सर बाजूला. मी काय नवी नवरी हाय व्हय?"

आप्पा माझे थोरले चुलते. दौंडला रेल्वेत फिटर होते, लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर आमच्याकडे आले आणि घर बांधताना विटकामावर रोज पाणी त्यांनीच मारलं. "ह्या भिंती मला वळखत्यात," म्हणायचे.

मला आणि बायकोला मोठी मास्टर बेडरूम हवी होती. अटॅच बाथरूम, भिंतभर कपाटं. त्यासाठी आमची खोली, आप्पांची खोली आणि मधला बोळ एक करून त्यांना पुढच्या खोलीत हलवायचं ठरलं. धुळीचा त्रास नको, असं सांगून मी त्यांना महिनाभर दौंडला आत्याकडे सोडलं. खोली जाणार हे सांगितलं नाही. त्यांनी नको म्हटलं असतं तर थांबायची माझी तयारी नव्हती.

परत आणलं तेव्हा ते सवयीनं आत निघाले. भिंतीवरून सरकणारा हात एकदम हवेत राहिला. मग म्हणाले, "मंगल कार्यालय काढलंस व्हय रं?" तेव्हा कुठं मी सगळं सांगितलं. "बरं केलंस. तुमाला जागा लागतीच," एवढंच बोलले.

आता संडासला जायला अख्खा हॉल ओलांडावा लागे. मध्ये धरायला भिंत कुठंच नाही, कडेनंही नुसते सोफे. दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागायची. आठवड्याभरात हाका कमी झाल्या. मला वाटलं, रुळले.

एक दिवस बायको म्हणाली, "आप्पांचा तांब्या सकाळी भरला तसाच आहे. चहाही नको म्हणतात."

विचारलं, तर म्हणाले, "तहानच न्हाई लागत."

लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?" तेव्हा हाका का कमी झाल्या होत्या ते मला कळलं.

"हॉलात धरायला दोरी बांधतो," मी म्हणालो.

"आन् पाव्हणं काय म्हणतील? ऱ्हाऊ दे. मला दौंडला सोड."

पंधरा दिवसांनी त्यांना परत आणायला गेलो. आत्याच्या दोन खोल्यांच्या घरात आप्पा आपले आपण उठले, माठातून पाणी घेऊन दोन पेले प्यायले. 'घरी चला' हे शब्द माझ्या तोंडातच राहिले.

"मोठ्या खोलीत झोप लागती का रं?" त्यांनी विचारलं.

"लागते," मी म्हणालो. धुळीच्या कारणासारखंच तेही खोटं होतं. पुढं चार महिन्यांनी आप्पा तिथंच गेले.