सहस्रकुंडाच्या दोन काठांवर

वर्षाराणीबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. पण मी पडलो गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायला बसलो की एक गोष्ट सांगता सांगता दुसरी आठवते. तरी यावेळी सरळ सांगतो.

वर्षाराणी ही सहस्रकुंड धबधब्याची गाईड. माहेर धबधब्याजवळच्या वाडीतलं, सासर हिमायतनगरचं. लहानपणी ती धबधब्यावर येणाऱ्यांना उकडलेल्या शेंगा विकायची. लोक शेंगा घेताना विचारायचे, "पोरी, पाणी कधी वाढतं गं? खाली कुठवर उतरता येतं?" ही सगळं सांगायची. एका मास्तरांनी तिला म्हटलं, "शेंगा दोन रुपयाच्या देतेस आन् माहिती फुकट वाटतेस की." ते तिच्या डोक्यात बसलं. पुढे दयानंदशी लग्न झालं. दयानंद भाड्याची काळीपिवळी जीप चालवायचा. दोघांनी मिळून कर्जाने चौदा सिटांची टेंपो ट्रॅव्हलर घेतली आणि म्हाताऱ्या माणसांच्या एका दिवसाच्या सहली सुरू केल्या. गाडी तो चालवतो, माणसं ती चालवते.

तिची एक रीत फार छान आहे. धबधबा अर्धा किलोमीटर उरला की ती गाडी थांबवते, इंजिन बंद करायला लावते आणि म्हणते, "आता पाच मिनिटं कोणी बोलायचं न्हाई. डोळे मिटा. आधी कानानं बघायचं." पहिल्यांदा वाटतं, बाई वेडी आहे. मग तो घुमारा पोटात उतरतो आणि आपण गप्प होतो. मी गप्प झालो होतो, यावरून समजा.

तिचा नियम मात्र कडक. दुपारी तीनला गाडी सुटली म्हणजे सुटली. पहिल्याच सहलीत एका जोडप्यासाठी ती दीड तास थांबली होती. बाकीच्यांनी तिला इतकं बोलून घेतलं की ती घरी जाऊन रडली. तेव्हापासून कोणासाठी थांबायचं नाही.

यंदा एका रविवारी, राखीपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, आम्ही वर्षाराणीच्या गाडीने धर्माबादहून निघालो. मी, माझी बायको चतुराबाई, कापडदुकानवाले बसलिंगप्पा आणि आणखी दहा म्हातारेकोतारे. चतुराबाईच्या मांडीवर एक डबा. डब्यात राखी, कुंकू, निरांजन आणि पेढे.

आता मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चतुराबाईचं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं. माझे वडील सांगायचे, त्यांच्या काळात ही नदी म्हणजे दोन राज्यांची सीमाच होती. इकडे निजामाचा मुलूख, तिकडे इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड. अलीकडे निजामाचा हाली शिक्का चालायचा, पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. हल्ली अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ, एवढंच. पण माझ्यात आणि माझा मेव्हणा भीमाशंकर याच्यात अकरा वर्षं ती सीमा तशीच राहिली होती.

कारण मीच. आमच्या मुलीच्या, उज्वलाच्या, लग्नात नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. भीमाशंकर नवं धोतर नेसून सकाळपासून त्या एका क्षणाची वाट बघत होता. ऐनवेळी पाहुणे घ्यायला त्याला मीच स्टँडवर पाठवलं. मुहूर्त गाठायची घाई झाली, आणि मी माझ्या मावसभावाला म्हटलं, "आण रे तू पोरीला." भीमाशंकर आला तेव्हा अक्षता पडल्या होत्या. तो जेवलाही नाही. निघून गेला. मी म्हटलं, येईल आपोआप. तो म्हणाला असेल, बोलावतील आपोआप. अकरा वर्षं गेली. चतुराबाई पोस्टाने राखी पाठवायची.

यंदा तिने धरणं धरलं. बहीणभावाचं फोनवर ठरलं, "तू माझ्या घरी नको, मी तुझ्या घरी न्हाई. मधोमध भेटू. सहस्रकुंडावर, अकरा वाजता." राखी बांधेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असंही तिने ठरवलं.

अकराला आम्ही पोचलो. पाणी भरून चाललं होतं. काळ्या कातळावरून एवढं पाणी खाली कोसळत होतं की तुषार आमच्या चष्म्यांवर. चतुराबाई काठावरच्या देवळाकडे बघते, पायऱ्यांकडे बघते. भाऊ नाही. मग तिने समोर बोट केलं.

पलीकडच्या काठावर, छत्रीखाली, पांढरी टोपी घातलेला भीमाशंकर उभा होता.

काय झालं होतं बघा. आपला काठ तोच धबधबा, असं आम्ही धरून चाललो. त्यानेही तेच धरलं. कोणत्या काठावर, हे दोघांनीही विचारलं नाही. विचारावं लागतं, हेच आमच्या ध्यानात आलं नाही. त्याने हात हलवला. हिने डबा वर करून दाखवला. मधे सगळी पैनगंगा.

फोन लावला तर पाण्यामुळे शब्द कळेना. मागे झाडाखाली येऊन पुन्हा लावला. भीमाशंकर म्हणाला, "तुम्हीच या इकडं." मी म्हटलं, "तूच ये की." फोन बंद.

दुपारी जेवणं झाली. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. वर्षाराणी प्रत्येकाच्या ताटात डोकावत आली आणि चतुराबाईजवळ थांबली.

"आजी, भाकरी का न्हाई मोडली? दात दुखायलेत का?"

चतुराबाईने पलीकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. बोहल्यापासून डब्यापर्यंत. मी खाली बघत होतो.

वर्षाराणीने घड्याळ बघितलं. दोन वाजून वीस मिनिटं. मग दयानंदकडे बघितलं. तो म्हणाला, "पुलावरून वळसा हाय. तास जाईल. आन् तीनचं काय?"

बसलिंगप्पा लगेच बोलले, "मला दिवेलागणीच्या आत घरी पूजेला बसायचं हाय. संध्याकाळची लिंगपूजा झाल्याबिगर मी रातचं जेवत न्हाई. तुझा नियम तूच मोडणार का बाई?"

वर्षाराणीने चतुराबाईची न मोडलेली भाकरी फडक्यात बांधली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या गाडीतून कोणी उपाशी परत गेलं न्हाई आजवर. अप्पा, तुम्हाला पूजेला पाणी, फूल, बेल, सगळं मी देते. नदीकाठी बसा. घरच्यापेक्षा बरी पूजा होईल. पण आधी त्या मामांना पुलावर यायला तयार करू द्या." तिने चतुराबाईचा फोन घेतला. "मामा, मी गाईड बोलते. तुम्ही अर्धं या, आम्ही अर्धं येतो. पुलाच्या मधोमध."

तिकडून काहीतरी उत्तर आलं. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"ते विचारून राहिले, शेषेराव काही बोलणार हाय का. बोला आजोबा."

मी फोन हातात घेतला. चौदा माणसं माझ्याकडे बघत होती. मी हळूच म्हटलं, "भीमाशंकर, चुकलं माझं."

"ऐकू येत न्हाई. पाणी लई वाजून राहिलं."

"चुकलं म्हटलं!"

"काय?"

मग मी उठून उभा राहिलो आणि शेतात हाक मारतात तशी मारली, "तुझा मान दुसऱ्याला दिला! चुकलं माझं! पाया पडतो, पण पुलावर ये!"

बसलिंगप्पा म्हणाले, "बास करा शेषेराव. आता मलाच माफ करावंसं वाटायलंय."

सगळे हसले.  मग फोनवर भीमाशंकर म्हणाला, "पहिल्या वेळेलाच ऐकू आलं होतं, भाऊजी. निघालो मी."

पुलावर आम्ही चारला पोचलो. तो शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आला होता. आता दाढी पांढरी झालेली.  मग चतुराबाईने पुलाच्या कठड्यावरच डबा उघडला. वाऱ्याने निरांजन राहीना. वर्षाराणीने छत्री उघडून आडोसा धरला. ओवाळून झालं, राखी बांधली. राखीची गाठ तिने तीनदा मारली.

"एवढी घट्ट काऊन? हात तोडतेस काय?"

"गप उभा राहा," चतुराबाई म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

मी पुढे झालो. त्याने मला वाकू दिलं नाही, खांद्याला धरलं. खाली नदीकाठी बसलिंगप्पा डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन डोळे मिटून बसले होते. दयानंद त्यांच्याजवळ बेलाची पानं धरून उभा.

"आता कुठं राहणार मामा?" वर्षाराणीने विचारलं. "आजी तर तुमचा हात सोडायला तयार न्हाई."

भीमाशंकर शेजाऱ्याला म्हणाला, "घरी सांग, आज मी बहिणीकडं मुक्कामाला."

गाडीत जागा नव्हती. वर्षाराणीने पुढची स्वतःची सीट त्याला दिली आणि आपण दाराजवळच्या पायरीवर बसली. चतुराबाईने शेवटच्या सीटवर बसायला नकार दिला. भावाच्या मागची जागा पाहिजे म्हणून तिने एका काकांना उठवलं. वर्षाराणीने फडक्यात बांधून ठेवलेली भाकरी काढून दिली. चतुराबाईने ती मोडली, अर्धी पुढे भावाला दिली, अर्धी आपण खाऊ लागली.

मला कोणी विचारलं नाही. मी सगळ्यात मागे, बसलिंगप्पांच्या शेजारी जाऊन बसलो.