बोटभर भंडारा

धुळाबा हे त्यांचं पाळण्यातलं नाव, आणि बारामती एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये धुळीला त्यांच्याइतकं भिणारं दुसरं माणूस नव्हतं. कुणी दार जरा जोरात लोटलं तरी ते दचकून वर बघायचे. त्यांच्या टेबलाशी शिंकायचं नाही, खोकायचं नाही, मोठ्यानं हसायचंसुद्धा नाही. नव्यानं कामाला लागलेल्या माणसाला ही थट्टा वाटे. मलाही वाटली होती. तोंडावर आम्ही त्यांना आबा म्हणायचो आणि पाठीमागे सोवळेआबा. कारण माल जिथे धुऊन, तपासून पिशवीत बंद होतो, त्या काचेच्या खोलीला ते 'सोवळ्याची खोली' म्हणत.

आम्ही बनवतो ते बोटाएवढे स्टीलचे जोड. कॉम्प्युटरची चिप तयार होते त्या कारखान्यात वायू वाहून नेणाऱ्या नळ्या एकमेकींना जोडायला ते लागतात. त्यांच्यातून डोळ्यांना न दिसणारा एखादा कण जरी वायूबरोबर पुढे गेला, तरी तिकडे चिपांची रास वाया जाते. हे काम एकटी आमची शेड करत नाही. स्टील कातायचं मागच्या गल्लीत, आतून पॉलिश करायचं इंदापूरच्या एमआयडीसीत, आणि धुणं, तपासणं, बांधणं आमच्याकडे. म्हणजे आमचा माल परत आला तर घास तीन शेडच्या तोंडचा जाणार.

समोरच्या शेडमध्ये डेटा सेंटरमधले कॉम्प्युटर थंड ठेवायच्या तांब्याच्या पट्ट्या होतात. तिथल्या एकानं आबांना एकदा क्लाऊड म्हणजे काय ते चहाच्या टपरीवर बसून समजावलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि परत येऊन मला म्हणाले, "इंदापूरकडं ढग फिरकत न्हाय, आन् आपण जगाला ढग बनवून देतूया. घ्या आता." मी हसले. ते हसले नाहीत, कारण हातात माल होता.

"बघितलंस?" हे त्यांचं पहिलं वाक्य आणि "परत बघ" हे दुसरं. मी लासुर्ण्याहून एसटीनं यायची, डिप्लोमा झालेली, घरातली पहिली नोकरी करणारी मुलगी. मला वाटायचं, एकदा नीट बघितलं की झालं. आबा निळ्या दिव्याखाली तोच जोड तीनदा फिरवायचे, आणि तिसऱ्यांदा फिरवताना त्यांचा श्वास थांबलेला असायचा.

एवढी भीती आली कुठून, ते त्यांनीच मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. मूळचे ते मेंढपाळ, आता कोऱ्हाळ्यात ऊस. लग्न नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. वडिलांनी बाजारातून एक मेंढी आणली आणि वेगळी न बांधता त्याच संध्याकाळी कळपात सोडली. "तिच्या तोंडाला फोड आलं हुतं. बाला दिसलं न्हाईत. मला दिसलं हुतं. पर बा तापट, मी भ्यालो, बोललो न्हाय. महिन्याभरात सगळा कळप गेला बग." एवढं सांगून त्यांनी डबा बंद केला. अर्धी भाकरी तशीच राहिली होती.

रोज पहाटे ते घरी कपाळाला भंडारा लावायचे, खंडोबाचा, जेजुरीहून आणलेला. आणि रोज सकाळी शेडच्या गेटाशी मोपेड उभी करून ओल्या फडक्यानं तो पुसून टाकायचे. आधी पुटपुटायचे, "देवा, रागावू नगंस, पोटाचा मामला हाय." मग कपाळ, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळं पुसायचे. फडकं उलटं करून पुन्हा पुसायचे. आम्ही हे बघून एकमेकींना कोपरानं ढोसायचो. देवाला आणि धुळीला एकाच वेळी भिणारा माणूस आम्ही कधी पाहिला नव्हता.

खंडेनवमीला सगळ्या एमआयडीसीत यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात, हळदकुंकू लागतं. आमच्याकडेही लागतं, पण सोवळ्याच्या खोलीत नाही. तिची पूजा आबा गेटावर करायचे, एक रिकामा जोड पाटावर ठेवून. त्या वर्षी माझी पहिलीच खंडेनवमी. निघताना आईनं भंडाऱ्याची पुडी हातात दिली होती. म्हणाली, "तुझ्या मशिनला बोट लाव गं, नोकरी टिकू दे." माझी नोकरी सहा महिन्यांच्या करारावर. सगळे गेटावर आरतीला गेले तेव्हा मी टोपी, हातमोजे, सगळं घालून आत गेले आणि माल वाळवायच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं बोटभर भंडारा लावला. हात जोडले. त्या कपाटात गरम हवेचा पंखा असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या क्षणी मला तो आठवलाच नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रक भरायला उभा होता. आबा शेवटची पेटी बघत होते. मला आठवतो तो त्यांचा आवाज, अगदी बारीक. "पोरी, हितं ये. ह्ये काय हाय?" निळ्या दिव्याखाली जोडाच्या तोंडाशी एक पिवळा ठिपका चमकत होता. मला ओळखायला क्षणही लागला नाही. मी म्हणाले, "काय माहीत, आबा."

ट्रक थांबला. सगळ्या पेट्या उघडल्या. दुपारपर्यंत अजून सात जोड निघाले तसेच. इंदापूरचा पॉलिशवाला मोटारसायकल दामटत आला आणि दारातूनच ओरडला, "आमच्याकडचं न्हाय न्हवं? साहेब, आमच्याकडचं आसलं तर मी मेलोच." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मालक कुणावर ओरडणारे नव्हते. त्यांनी तो ठिपका बघितला, आबांकडे बघितलं आणि हळू म्हणाले, "आबा, ही हळद आहे. सोवळ्याच्या खोलीत येणारं भंडाऱ्याचं कपाळ एकच आहे."

आबांचा हात कपाळाकडे गेला. बोटं तिथंच राहिली. "आसंल," ते म्हणाले. "माझंच आसंल. पुसताना ऱ्हायलं आसंल." त्यांनी टोपी काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली आणि निघाले. मी तिथंच होते, हाताच्या अंतरावर. तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. मला भीती वाटली नोकरीची, मालकांची, आईला काय सांगू याची. आणि खरं सांगायचं तर आबा थांबतील आणि माझ्याकडे वळून बघतील, याची सर्वांत जास्त वाटली. ते वळले नाहीत.

पुढचे आठ दिवस आम्ही सगळा माल पुन्हा धुतला, पुन्हा बांधला. मी तपासायच्या टेबलावर आबांच्याच स्टुलावर बसत होते. झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. गेटावरून जाताना त्यांचं फडकं खिळ्याला टांगलेलं दिसे आणि मी मान फिरवून घेई. नवव्या दिवशी, रविवारी, मी कोऱ्हाळ्याची एसटी धरली.

आबा पडवीत बसले होते. मला बघून उठले, काकूंना चहा ठेवायला सांगितला. त्यांचं कपाळ कोरडं होतं. काकू आतूनच म्हणाल्या, "आठ दिस झालं, देवाम्होरं बी जात न्हाईत. म्हनत्यात, माझ्या अंगालाच काय लागल्यालं हाय."  मी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं, पुडीपासून पंख्यापर्यंत.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे माझं कपाळ साफ हुतं?"

"हो, आबा."

"चांगलं पुसलं हुतं मी?"

"हो."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग आत जाऊन भंडाऱ्याची डबी घेऊन आले. आधी माझ्या कपाळाला बोट लावलं, मग स्वतःच्या. "हितं लावायचा आस्तुया," ते म्हणाले. "आन् उंद्या साहेबास्नी तू सांगायचं. मी न्हाय सांगणार."

"मला भीती वाटते, आबा."

"वाटंल की. मला बी वाटली हुती, बाची. भ्यायचं, पर बोलायचं."

सोमवारी मी मालकांना सांगितलं.  मला वाटलं, आता जा म्हणतील. ते म्हणाले, "आबांना घेऊन ये." आणि स्वतःची गाडी दिली.

आबा आले. गेटाशी कपाळ पुसलं, दोनदा नाही, चारदा. टोपी घातली, मोजे घातले. सोवळ्याच्या खोलीच्या दारात बुटांची धूळ धरून ठेवणारं चिकट पायपुसणं असतं. त्याच्या अलीकडे ते उभे राहिले. मी आतून दार धरून होते. मालक मागे उभे होते, म्हणाले, "चला आबा, माझी चूक झाली." आबांनी पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. हात बघितले, उलटे, सुलटे. "पाय धजत न्हाय, साहेब," ते म्हणाले. "काय राह्यलं आसंल तर?" आणि टोपी काढून माझ्या हातात दिली. माझ्या आठ दिवसांच्या गप्प बसण्यानं त्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास घालवला होता, आणि तो कुठल्याही पाण्यानं धुऊन परत मिळणार नव्हता.

ते पुन्हा कामावर आले नाहीत. पण रोज संध्याकाळी सुट्टीच्या वेळी त्यांचा फोन येतो. "काय दिसलं का गं?" "काही नाही, आबा." "परत बघ." एवढंच. आता त्यांच्या टेबलाशी मी आहे. घरी भंडारा लावते, गेटाशी पुसते, दार वाजलं की दचकते, जोड तीनदा फिरवते. नव्या मुली माझ्या पाठीमागे हसतात, ते मला ऐकू येतं.

मागच्या आठवड्यात पेटी बंद करताना मला पिशवीत एक बारीक धागा दिसला, निळा. माझ्याच ओढणीचा होता. टोपीखालून आत आला असणार.  संध्याकाळी फोन आला.

"काय दिसलं का गं?"

"दिसलं, आबा. धागा होता."

 "कुनाचा?"

"माझा."

"सांगितलंस?"

"लगेच. ट्रक थांबवला."

 

"बरं केलंस," आबा म्हणाले. "जा आता. परत बघ."

मी फोन ठेवला, आबांच्या फडक्यानं पुन्हा एकदा कपाळ पुसलं आणि आत गेले.