साडूनं दाखवलेली ओली काच

गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सरकारी क्वार्टर उभे राहत होते आणि त्यांना सागाच्या चौकटी पुरवून मी बऱ्यापैकी सावरलो होतो. बापानं मागे काही ठेवलं नव्हतं. जे होतं ते घासाघीस करून मिळवलेलं. स्वतःचं घर बांधलं तेव्हा न्हाणीघरात शॉवर आणि त्याच्यापुढे काचेचा आडोसा हवाच, असा हट्ट मी धरला. एका साहेबाच्या बंगल्यात चौकट बसवताना तसा पाहिला होता.

काच मिळाली साडूकडून. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा चंद्रपुरात पाडलेल्या बंगल्यांचं सामान विकायचा. माझ्या लग्नात त्यानं मांडवात सगळ्यांदेखत मला ‘लाकडं वाहणारा जावई’ म्हटलं होतं. ते मी विसरलो नाही, विसरणारही नाही. पण माल त्याच्याकडे होता. मी आवारात शिरलो तसं त्यानं भिंतीला टेकवलेल्या काचेवर बादलीभर पाणी मारलं आणि ती फडक्यानं पुसून दाखवली. पलीकडची वीट न् वीट दिसत होती. मी भाव पाडला आणि तो मुकाट खाली आला. इतक्या सहज तो कधी उतरत नसे. तेवढं मला खटकलं.

धानाच्या तणसात बांधून काच ट्रकनं आणली, बसवली. ओली होती तोवर नामी. सुकली आणि ताकासारखी पांढरी झाली.

चंद्रपूरकडच्या बोरिंगच्या पाण्याला चुना फार. पाणी तापवायच्या गंजपातेल्याला आतून पापुद्रे धरतात. तसलं पाणी वर्षानुवर्षं या काचेवर सुकलं होतं. आता प्रश्न एकच होता. चुना नुसता वर बसला असेल तर तो निघणार. पण त्यानं काचच खाल्ली असेल, तर ती मेलेली. रोज हाच धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसेल? ओली काच मेलेली असली तरी जिवंत दिसते. मग पाणी मारलं कशासाठी?

आमच्याकडे भांडी कोंड्याच्या राखेनं लख्ख होतात, म्हणून काचही राखेनं घासली. ऊन पडलं तेव्हा तिच्यावर केसासारखे ओरखडे दिसले. ते आधीचे की राखेचे, यावर घरात दोन पक्ष पडले. आधीचे, असं म्हणणारा मी एकटाच होतो.

पुढे साडू मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मी त्याला आधी न्हाणीघरात नेलं आणि मगच पाणी विचारलं.

“दाखवताना पाणी काऊन मारलं होतं?”

“धूळ होती भाऊ. धुळीचा माल दाखवू का तुले?” तो हसला. “नाई पटत तं परत दे. बांधून दे, आत्ताच नेतो.”

मेलेला माल कोणी परत मागत नाही. म्हणजे एक तर काच चांगली होती, किंवा मी असा विचार करीन हे त्याला आधीच माहीत होतं. मी काच दिली नाही. चहा घेऊन आलेल्या बायकोसमोर त्याला सांगितलं, काच साफ झाली तर लग्नाला येऊ. नाही झाली तर तुझ्या घराचा उंबरा आमच्यापैकी कोणीच चढणार नाही.

बायकोनं साडूच्या हातात चहा दिला आणि माझा तसाच परत नेला. आई गेल्यावर या बहिणीनंच तिला वाढवलं होतं.

त्यानंतर न्हाणीघरातून चिंचेचा वास येऊ लागला. पाहतो तर काचेवर माझं जुनं धोतर चिकटवलेलं, चिंचेच्या कोळात भिजवून. बायको घासत नव्हती. धोतर सुकलं की पुन्हा कोळ शिंपडत होती, बस. बहिणींचं आधीच काही ठरलं असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. मी रोज दुपारी काच पूर्ण सुकल्यावर कोरड्या पंच्यानं पुसून बघत असे. पांढरेपणा वरून खाली हटत चालला होता. छातीपर्यंत काच मोकळी झाली. तिथून खाली मात्र होती तशीच राहिली.

लग्नाचा दिवस जवळ आला तेव्हा मी म्हणालो, अर्धीच साफ झाली, जायचं नाही.

“साफ झाली तं येऊ, असंच बोलले तुमी,” ती म्हणाली. “कुठवर, ते नाई बोलले.”

“खालची मेलेली आहे. फसवलं त्यानं.”

“मंग राहू द्या तशीच. आरपार दिसलं तं मी तिथी आंघोळ नाई करायची. माह्या बहिणीच्या पोरीचं लग्न हाये. तुमी नका येऊ, मी चालली.”

आयुष्यभर मी लोकांना त्यांच्याच शब्दांत पकडत आलो. तो डाव घरातूनच माझ्यावर उलटला. लग्नाला गेलो. साडूनं मला अगदी पुढे बसवलं, आग्रह करून वाढलं. एवढा आग्रह कशासाठी, हे मी जेवताना शोधत होतो.

परत आल्यावर बायको शेजारच्या घरी बसायला गेली तेव्हा मी फडक्याची घडी कोळात बुडवून काचेच्या खालच्या भागावर चिकटवली. दुपारी काढली. तळहाताएवढी जागा आरशासारखी निघाली. म्हणजे खालची काच मेलेली नव्हती. धोतर तिथवर पोचलंच नव्हतं, की तिनं पोचू दिलं नव्हतं, हे मी तिला विचारलं नाही. साडूबद्दल माझं मत मात्र तेच राहिलं. माल चांगला निघाला म्हणून दाखवणाऱ्याचा हेतू चांगला ठरत नाही.

संध्याकाळी न्हाणीघरात गेलो. त्या मोकळ्या जागेवर तिनं आपल्या कपाळावरच्या जुन्या टिकल्या एकीला एक लावून, आरपार दिसणार नाही अशा चिकटवल्या होत्या. मी एकही काढली नाही.