सगळ्या बरण्या एकसारख्या

याउको गावात एर्मिनियाचं स्वयंपाकघर म्हणजे चेष्टेचा विषय होता. आइस्क्रीमच्या डब्यात तूर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साखर, लोण्याच्या डब्यात मीठ आणि सगळी पातेली शेगडीखालच्या ओव्हनमध्ये. तसं ओव्हनमध्ये भांडी कोण ठेवत नाही? ओव्हन भाजायला असतो हे आमच्या गावाला सणासुदीलाच आठवतं. पण एर्मिनियाचा एकही डबा दुसऱ्यासारखा नव्हता, आणि त्याचं कारण फक्त शेजारच्या चेलोला माहीत होतं.

काचबिंदूनं एर्मिनियाची नजर नेली होती. उजेड आणि अंधार, एवढंच काय ते कळायचं. हात मात्र शाबूत होते. गोल डबा कॉफीचा, चेपलेल्या झाकणाचा मिठाचा. ओट्यापाशी उभी राहिली की बाईला दिसत नाही असं कुणी म्हटलं नसतं. समुद्रापलीकडे ऑरलँडोला राहणाऱ्या लेकीला, इव्हेलिसला, तिनं पत्ता लागू दिला नव्हता. लागता तर लेकीनं तिला उचलून तिकडे नेलं असतं. आणि तिला तर याच घरात, स्वतःच्या हातचं खाऊन मरायचं होतं.

“सांगून टाक गं एकदाचं,” चेलो म्हणायची.

“झाकली मूठ सव्वा लाखाची. तू तुझं तोंड सांभाळ.”

“मी तोंड सांभाळते, तू पाय सांभाळ. परवा माझ्या कोंबडीवर पडता पडता राहिलीस.”

इव्हेलिस आईच्या वाढदिवसाला आली ती आईला सुख द्यायचंच असं ठरवून. अशा लेकींचा धसकाच घ्यावा. दुसऱ्याच दिवशी तिनं आईला चेलोबरोबर चर्चला पिटाळलं, आणि दोघी परतल्यावर आईला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं.

“डोळे मीट. हं, आता उघड!”

एर्मिनियानं मिटले, उघडले.

“काचेच्या बरण्या! सगळ्या एका मापाच्या. नावं बघ केवढी मोठी लिहिलीत. पातेली कपाटात लावलीत. ओव्हन रिकामा केलाय, आता त्यात काही म्हणजे काही ठेवायचं नाही.”

“आणि माझे डबे?”

“कचऱ्याच्या गाडीत. बघून लाज वाटायची गं.”

चेलोनं तोंड उघडलं, तशी एर्मिनियानं तिचा दंड दाबला. “सुंदर,” ती म्हणाली. तिनं एका बरणीवरून हात फिरवला, मग दुसरीवरून, तिसरीवरून. सगळ्या गुळगुळीत, सगळ्या सारख्या. स्वतःच्या घरात तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

तिनं कसंबसं निभावलं. झाकण उघडून वास घ्यायचा, बोट चाटून बघायचं, आणि लेक जवळ असली तर, “आज तूच कर, तुझ्या हातचं खाऊ दे.” वाढदिवसाला मात्र तिला राहवलं नाही. लेकीला आवडतो म्हणून पिकल्या केळ्यांचा आणि खिम्याचा पास्तेलोन करायला घेतला. केळी तळून थर लावले. ओव्हन पेटवण्याआधी आत हात घालून चाचपायची तिची जुनी सवय. पण लेकीनं रिकामा केलाय म्हणून सांगितलं होतं. लेकीच्या शब्दावर आईनं विश्वास ठेवायचा नाही, तर कुणी ठेवायचा? तिनं ओव्हन पेटवला.

आता लेक झाली तरी याउकोचीच. सकाळी ओटा आवरताना बरण्या ज्यांतून आणल्या ती प्लास्टिकची खोकी कुठं ठेवावीत, हा प्रश्नच तिला पडला नव्हता. हात आपोआप ओव्हनकडे गेला होता.

काळा, घाणेरडा धूर घरभर झाला. इव्हेलिस धावत आली, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि खोकत हसायलाच लागली.

“माझंच चुकलं गं, मीच कोंबली होती! पण आई, दाराला काच आहे. निळी खोकी समोर दिसत होती की. बघितलं नाहीस?”

एर्मिनिया ओट्याची कड चाचपत राहिली.

“आई? माझ्याकडे बघ.”

एर्मिनियानं खिडकीकडे तोंड केलं. पण लेक तोवर तिथून सरकून शेगडीपाशी आली होती.

“बघतेय की,” रिकाम्या खिडकीला ती म्हणाली.

इव्हेलिस खालीच बसली. धुराच्या वासानं आलेल्या चेलोनं मग सगळं सांगितलं, लपवण्यासारखं उरलंच काय होतं? लेक खूप रडली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. मी डबे शोधून आणते, सगळं होतं तसं लावते, असंही म्हणाली. पण तसे चेपलेले, मोडके डबे कुठल्या दुकानात मिळतात?

संध्याकाळपर्यंत ठरलं. ठरलं म्हणजे लेकीनं ठरवलं.

“तुला असं टाकून मी जाऊ कशी? माझ्याकडे चल.”

“तिथं शेगडी कुठं, मीठ कुठं, मला काय ठाऊक बाळा?”

“त्याची काळजीच नको.” इव्हेलिसनं आईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. “तिथं तुला कशालाही हात लावावा लागणार नाही.”

मायेनंच म्हणाली बिचारी. एर्मिनियाला तेव्हा रडू फुटलं, ते काही केल्या थांबेना. लेकीला वाटलं, आई घर सुटतंय म्हणून रडतेय.