खतीजाच्या बांगड्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवासमोर हात जोडले, तेव्हाही भलत्याच चुकांची माफी मागत आले. पण परवा दिरांच्या घरी पुन्हा माझं कौतुक झालं. नव्या सुनेला ते सांगत होते, "कर्ज कसं फेडावं ते वहिनींकडून शिक. कुणाची पै ठेवली नाही!" आणि मी तिथेच बसून भाजी निवडत होते. असा संताप आला — त्यांचा नव्हे, माझाच. किती वर्षं ऐकून घ्यायचं हे? आणि ऐकताना मान खाली घालून हसायचं?

तर ऐका.

पनवेलच्या स्टँडजवळ आमच्या यांनी सायकलींचं दुकान काढलं होतं. भाड्याने द्यायच्या, दुरुस्तीही करायची. दुकान चाललं नाही. यांनी हाय खाल्ली. दिवसभर ओसरीवर नुसते बसून असायचे. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका. घरात पगार एक आणि घेणेकरी चार — पतपेढी, मुंबईचा सुट्या भागांचा व्यापारी, सराफ, आणि खतीजा.

खतीजा आमची शेजारीण. तिचा नवरा दाऊद जहाजावर असायचा, वर्ष-दीड वर्षाने घरी यायचा. घरात तिची सासू आणि खतीजाचाच धाकटा भाऊ रफीक. रफीक भाताच्या गिरणीत कामाला होता. एकदा त्या व्यापाऱ्याचा माणूस आमच्या दारात उभा राहून नाही नाही ते बोलून गेला. सगळ्या आळीने ऐकलं. तो गेला तशी खतीजा मागच्या दाराने आली आणि तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवून माझ्या ओंजळीत ठेवल्या.

"गहाण टाक वैनी. आमचे हे जहाजावरनं यायच्या आत सोडवून दे, बस."

कागद नाही, व्याज नाही, साक्षीदार नाही. माझ्या पाटल्या आणि तिच्या बांगड्या एकाच दिवशी सराफाकडे गेल्या. तिच्या बांगड्यांचं मी यांनाही सांगितलं नाही. त्यांना लाज वाटेल म्हणून — असं तेव्हा मनाशी म्हटलं.

मग फेड सुरू झाली. कुणाला आधी द्यायचं ते मीच ठरवत असे. कसं ठरवत होते, सांगू? जो दारात ओरडेल त्याला आधी. जो नोटीस धाडेल त्याला त्याच्यामागून. पतपेढी तर पगारातूनच कापून घ्यायची. आणि जिने तोंडातून शब्द काढला नाही, तिला सगळ्यांत शेवटी. हा काय न्याय झाला? गळा धरणाऱ्याला पैसे, आणि विश्वास टाकणारीला वायदे! पण अशी फेड करणारीला जग हुशार म्हणतं. मलाही म्हणालं.

सराफाची मुदत भरली. माझ्याजवळ एकच गहाण सुटेल एवढे पैसे होते.

"बाई, आता मला थांबता येणार नाही," सराफ म्हणाला. "राहील ते मोडीत जाईल. काय सोडवताय? पाटल्या, की बांगड्या?"

तोंडावर नणंदेचं लग्न होतं. चार नातेवाईक येणार, माझे हात बघणार. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर तेही सांगितलं असतं, पण नव्हतं. मी म्हणाले, "पाटल्या."

खतीजाला सांगितलं, "सोडवते गं, थोडं थांब." तिच्या बांगड्या तोवर वितळल्याही असतील. तिने मान डोलावली. माझ्या हातातल्या पाटल्या तिला दिसत होत्या — दिसत नसतील का?

पुढे दाऊद घरी आला. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि बांगड्या तिला द्यायचं घरात ठरलं. बांगड्या निघेनात. खतीजाने खरं ते सांगितलं. सासूचा विश्वास बसेना. तिचं म्हणणं, रफीकने उचलल्या आणि खतीजा भावाला पाठीशी घालते.

म्हणून दाऊद आमच्याकडे आला. बसा म्हटलं तर बसला नाही. पायरीखालीच उभा राहिला, बिचारा इतका अवघडला होता. मागे खतीजा.

"बाई, राग मानू नका. घरात बोलणं झालं म्हणून विचारतो. खतीजाने तुम्हाला बांगड्या दिल्या होत्या काय?"

हे ओसरीवरच होते. दिरांचं पत्र आलं होतं, आमच्या फेडीची वाहवा करणारं. ते नुकतंच त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. कितीतरी दिवसांनी यांच्या चेहऱ्यावर थोडा उजेड होता. मी काय बोलायला हवं होतं, हे का मला कळत नव्हतं? वर्गात रोज मुलींना तेच तर शिकवत होते!

मी म्हणाले, "नाही हो. मला कशाला देईल ती?"

खतीजा माझ्याकडे बघत राहिली. आणि दाऊदने — त्या भल्या माणसाने — माझी माफी मागितली. "शिक्षणवाल्या बाई तुम्ही, तुम्हाला विचारायलाच नको होतं," म्हणाला. बघा, माझा शब्द किती वजनदार! शाळेतली बाई खोटं कशी बोलेल? खोटी ठरली ती खतीजा. ते गेल्यावर हे मला म्हणाले, "आपली फेड झाली ते बरं. नाहीतर आपल्यावर आळ आला असता." तेव्हाही मी गप्प.

रफीकला घर सोडावं लागलं. गिरणीच्या मालकाच्या कानावर गेलं, त्याने कामावरून काढलं. तो मुंबईला गोदीत गेला असं ऐकलं. बहिणीच्या दारात पुन्हा आला नाही.

काही वर्षांनी खतीजा मुलीचं नाव घालायला शाळेत आली. मी वर्गात एकटीच होते. काय वाटलं कोण जाणे — मी हातातल्या पाटल्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिने हात लावला नाही.

"ह्या घरी नेल्या तर विचारतील, कुठनं आणल्यास. तुमी येऊन सांगाल, बाई?"

बाई म्हणाली. वैनी नाही.

ती थांबली. खरंच थांबली होती, माझ्या उत्तरासाठी. शेवटी मी मुलीची जन्मतारीख विचारली. तिने सांगितली. मी लिहून घेतली.

रफीकने चोरी केली नाही. खतीजा खोटं बोलली नाही. खोटं मी बोलले, आणि हे तुम्हाला सांगते आहे, तिच्या घरात नाही. तिचं घर लांब नाही. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत आहे. तिच्याकडे भांडं पडलं तर मला ऐकू येतं.