बैलाच्या पोटातला दाणा

मुलगी पाचवीत जाणार होती. मे महिन्याच्या सुट्टीत तिला नवीन पनवेलमधल्या एका बाईंच्या मातीकामाच्या वर्गाला घातलं. इमारतीच्या तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेला लागून ती खोली होती. मुलं आत, आया बाहेर बाकावर. बाकीच्या आया एकमेकींशी बोलत. मी टोकाला बसायचे. माझी शाळा चौथीपर्यंतची. वर्ग म्हटला की अजून मला दाराबाहेरच बरं वाटतं.

एकदा एक मूल आलं नाही आणि त्याच्या वाटणीचा मातीचा गोळा उरला. बाई दारात आल्या नि नेमक्या मलाच म्हणाल्या, "ताई, नुसत्या काय बसता? या, तुम्हीपण एक प्राणी करा."

"नको, मला नाही येत."

"कोणाला येतं? सगळे शिकायलाच आलेत."

मुलीने आतून डोळे मोठे केले. ते 'ये' होतं की 'येऊ नको', मला कळलं नाही. नाही म्हणायला आणखी बोलावं लागलं असतं, म्हणून मी आत जाऊन बसले.

मुलं हत्ती, जिराफ, डायनासोर करत होती. माझ्या हातात बैल झाला. तो करायचा असं ठरवलं नव्हतं. माती थंड होती, हाताला लागली आणि अंगठे आपोआप चालायला लागले. आधी चिमटीने वशिंड वर ओढायचं, मग मान, मग पाय. शिंगं शेवटी.

माझं माहेर उरणच्या बाजूला, भातशेतीचं गाव. शेतातल्या चिकण मातीचे बैल आम्ही पोरं करायचो. आई जाता-येता बघायची. पोट बंद करायच्या आधी त्यात भाताचा एक दाणा खुपसायची आणि म्हणायची, "बैलाचा पोट रिकामा नाय ठेवाचा गं. राबतो तो आपल्यासाठी." मग आम्ही ते बैल बांधावर ठेवायचो. पावसात ते विरघळून जायचे. आतल्या दाण्याचं पुढे काय व्हायचं, ते कोणी बघायला गेलं नाही.

वर्गात मी पोटाशी आले आणि हात थांबले. दाणा नव्हता. मी पोट तसंच उघडं ठेवलं. बाईंनी बैलावर ओलं फडकं गुंडाळलं, वरून प्लास्टिकची पिशवी घातली आणि फळीवर ठेवला. माती वाळू नये म्हणून सगळ्यांचे प्राणी असेच गुंडाळून ठेवत.

दाणा घरी होता. आमचं शेत आता नाही. दोन वर्षांपूर्वी तिथे भराव पडला, आता वर कंटेनर उभे असतात, एकावर एक. भावाने त्या जमिनीच्या पैशांतून बंगला बांधला. त्याला नावं ठेवायची नाहीत मला, सगळ्या गावानेच बांधले. आई त्या बंगल्याच्या पायरीवर बसून असायची. भराव पडल्यापासून ती गावाबाहेर पडली नव्हती, कोणाच्या लग्नालासुद्धा नाही. शेवटच्या पिकाचं मूठभर भात तिने माझ्या ओटीत घातलं होतं. म्हणाली होती, "पेराचा नाय, निस्ता ठेव." मी ते फडक्यात बांधून देव्हाऱ्यामागे ठेवलं. मेलेल्या माणसाचा फोटो ठेवतो तसं. त्यात जीव असेल असं माझ्या मनातही नव्हतं.

पुढच्या वर्गाला त्यातला एक दाणा पदराच्या गाठीत बांधून नेला. कोणाचं लक्ष नाही असं बघून बैलाच्या पोटात खुपसला आणि वर माती लिंपली. मुलीने बघितलं. बाईंनी बैल परत ओल्या फडक्यात ठेवला.

नंतरच्या आठवड्यात बाईंनी सगळे प्राणी टेबलावर मांडले. माझा बैल उचलून त्या हसल्या. "ताई, केवढा जड! हा आतून भरीव आहे ना, भट्टीत फुटेल. शेजारच्यांचेही फोडेल. पोकळ करावा लागेल."

मी मान हलवली. पोकळ करायचा म्हणजे काय करायचं हे मला कुठे माहीत होतं! बाईंनी एक बारीक तार काढली, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधलेली. ती बैलाच्या पाठीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी सरळ खाली ओढली. नारळाच्या वडीतून सुरी जावी तशी ती गेली. बैल दोन भागांत उघडा पडला.

माझ्या तोंडून "आई गं" निघालं. माझी मुलगी झाली तेव्हा माझं पोट असंच उघडलं होतं. हात आपोआप तिथे गेला.

तेवढ्यात शेजारची एक मुलगी किंचाळली, "टीचर, अळी! बैलाच्या पोटात अळी!"

"ई! दाखव, दाखव!"

"टीचर, बैलाला जंत झालेत!"

सगळी मुलं टेबलावर ओणवली. मातीच्या मधोमध पांढरं, बारीक, वाकडं काहीतरी होतं. बाईंनी नाक मुरडलं, कोरायच्या हत्याराने तेवढी माती उपटली आणि खालच्या बादलीत टाकली. बादलीत उरलेल्या मातीचा रबडा होता. ढेकूळ त्यात गडप झालं.

ती अळी नव्हती. मी बघितलं होतं. तिच्या टोकाला पिवळं टरफल होतं.

मी खाली बसले आणि बादलीत कोपरापर्यंत हात घातला.

"अहो ताई, काय करताय? घाण आहे ती!"

"आई, ऊठ ना," मुलगी हळूच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मी उठले नाही. ढेकळं एकेक करून बोटांनी चाचपत राहिले. मऊ, मऊ, मऊ, आणि मग एक टोचलं. बाहेर काढून पदराने पुसलं. भाताचा दाणा, आणि त्याला नखाएवढा मोड.

शेताच्या छाताडावर कंटेनर उभे आहेत, आणि हा ओल्या फडक्यात, मिट्ट काळोखात, बैलाच्या पोटात उगवला होता.

बाई जवळ आल्या, चष्मा वर करून बघू लागल्या. त्यांचाही आवाज खाली आला. "खरंच की. आत हवा नाही, उजेड नाही, कसं काय?" मग म्हणाल्या, "बरं, हा तुम्ही घरी लावा. बैल मी पोकळ करून जोडते. भाजला की वर्षानुवर्षं टिकेल."

"भाजू नका."

एवढ्या मोठ्याने कोण बोललं म्हणून मीच मागे बघितलं असतं.

"अहो, मग तो विरघळून जाईल."

"जाऊ दे. तो तसाच द्या मला."

घरी येताना रिक्षात मांडीवर थाळी, थाळीत बैलाचे दोन भाग. मुलगी सबंध रस्ता माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "आई, तू टीचरला नाही म्हणालीस!" मलाही ते खरं वाटत नव्हतं.

संध्याकाळी आईला फोन केला. सांगितलं.

"कंच्या शेतातला दाना?" ती म्हणाली.

"आपल्या. तू दिलेला."

तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडते तर आई. एकटी. एसटीने पनवेल स्टँडला उतरून, रिक्षावाल्याशी भांडत भांडत आलेली. मी तिला आत ये म्हणायचंही विसरले. ती माझ्या बाजूने आत शिरली आणि तिचं लक्ष आधी थाळीकडे गेलं.

"कोनी चिरला गं बैलाला?"

"वर्गातल्या बाईंनी. आतून पोकळ करतात म्हणे."

"शिकलेली हाय ना ती?" आई खाली बसली, पाण्याचा हात लावून दोन्ही भाग जोडायला लागली. मोड आलेला दाणा मी वाटीत, ओल्या मातीत ठेवला होता. त्याच्याकडे तिने खूप वेळ बघितलंच नाही. मग बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. लगेच दरडावून म्हणाली, "बाकीचा कुठं हाय? रांधलास की काय?"

देव्हाऱ्यामागचं फडकं तिच्या हातात दिलं. तिने एक दाणा बैलाच्या पोटात घालून पोट लिंपलं. बाकीचे भिजत घातले, मग ओल्या कापडात बांधून वर पाटा ठेवला. रोज ती पाटा सरकवून हात लावून बघायची, उघडायची मात्र नाही. मुलगी म्हणायची, "आजी, एकदाच." आजी म्हणायची, "गप. लाजतात ती."

ज्या सकाळी तिने गाठ सोडली त्या सकाळी आम्ही तिघी वाकलो होतो. एखाद-दुसरा सोडला तर सगळे दाणे फुटले होते. पांढरे मोड एकमेकांत गुंतले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीतीच वाटली. एवढं जिवंत झालेलं पेरायचं कुठे? आमच्या गॅलरीत दोन कुंड्या. माहेरी शेत नाही. बंगल्याच्या भोवतीही भराव टाकून सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक बसवलेले.

"आई, आता?"

"आता काय? मोड आलेला थांबत नाय. जागा बगाची." तिने गाठोडं बांधलं, बैल पिशवीत ठेवला आणि चहाही न घेता निघाली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. घाबरलेला. "ताई, आईला काय झालाय गं? बैल वट्यावर ठेवलाय नि कुदल घेऊन मागच्या दारचे ब्लॉक उपटतेय. कोनाचा ऐकत नाय!"

त्याने सांगितलं त्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. मग मी विचारलं, "खाली काय आहे?"

"खाली काय असनार? भराव. मुरूम."

"आणि त्याच्याखाली?"

फोनमधून कुदळीचे घाव ऐकू येत होते. मग ते थांबले, आणि लांबून आईचा आवाज आला, त्याच्यावर ओरडणारा:

"फोन काय लावतंस? ही बग, काली माती लागली. पाटी आन!"